ऑकलंडचा संघ कुणी घालवला?

'मनीबॉल' हा ब्रॅड पिटचा सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलाय. व्यवस्थापनाच्या कॉलेजात तर तो मुलांना दाखवतात म्हणे. गरीब संघ, श्रीमंत संघ, कॉम्प्युटरवर आकडे मांडणारा एक पोरगा आणि शेवटी सलग २० सामने जिंकायचा विक्रम. पण त्या सिनेमातला संघ आज त्या गावात नाही, हे किती जणांना माहितेय? ऑकलंड अॅथलेटिक्स नावातलं 'ऑकलंड' गेलं. २०२५ पासून संघ फक्त 'अॅथलेटिक्स' आहे, मागे-पुढे गावाचं नाव नाही.

मी या संघाचा चाहता. तालुक्याच्या गावात बसून बेसबॉल बघणारा माणूस म्हणजे लोकांना गंमत वाटते, पण वेळ सोयीची आहे हो. तिकडे संध्याकाळी ६.४० ला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे ७.१० झालेले असतात. चहा पिता पिता चार-पाच इनिंग्ज होतात, मग बातम्यांच्या मागे लागायचं. तर आज या संघाबद्दल जरा सविस्तर लिहितो. खेळ निमित्त आहे. मूळ विषय असा की एखादी संस्था गावातून घालवायची असेल तर ती कशी घालवतात.

आधी एक नियम सांगतो, तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये ३० संघ, हंगामात प्रत्येकी १६२ सामने. खेळाडू लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं तो त्याच संघाच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं जवळजवळ किमान पगारावर, पुढची तीन लवादाने ठरेल त्या पगारावर, आणि सहा वर्षं भरली की मोकळा, म्हणजे फ्री एजंट. मग जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे तो जातो. त्यामुळे पैसा काढायचा नाही असं ज्या मालकाने ठरवलंय, त्याच्यापुढे एकच रस्ता. पोरं स्वस्तात घडवायची, महाग व्हायला लागली की सहा वर्षं भरायच्या आत दुसऱ्या संघाला द्यायची आणि बदल्यात पुन्हा नवी स्वस्त पोरं घ्यायची. यालाच ट्रेड म्हणतात.

अॅथलेटिक्सच्या इतिहासात ही विक्री पहिल्यापासून आहे. संघ १९०१ चा, फिलाडेल्फियाचा. कॉनी मॅक नावाचा माणूस या संघाचा तब्बल ५० वर्षं मॅनेजर होता, १९५० पर्यंत. खेळाडूंसारखा गणवेश नाही घालायचा, सूट-बूट घालून बसायचा. पुढे मालकही तोच. त्याने १९१० ते १९१३ मध्ये तीन वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली. १९१४ ला अंतिम फेरीत ४-० असा मार खाल्ला, पगार परवडेनात, संघ मोडला. दोनच वर्षांनी, १९१६ ला, त्याच संघाने ११७ सामने हरून दाखवले. मग पुन्हा संघ बांधला, १९२९ आणि १९३० ला पुन्हा जिंकला, आणि मंदी आल्यावर सिमन्स, ग्रोव्ह, फॉक्स हे एकाहून एक सरस खेळाडू एकेक करून पुन्हा विकले. पण मॅकबद्दल मला राग नाही. त्याच्याकडे दुसरा धंदाच नव्हता. संघ हेच त्याचं पोट. पैसे नाहीत म्हटल्यावर ते खरंच नसायचे.

१९५५ ला संघ कॅन्सस सिटीला गेला आणि १९६० च्या शेवटी शिकागोच्या एका विमावाल्याने तो घेतला. चार्ली फिनली. हा माणूस एक स्वतंत्र कादंबरी आहे. १९६८ ला त्याने संघ ऑकलंडला आणला. हिरवे-सोनेरी गणवेश, पांढरे बूट, संघाचं बोधचिन्ह म्हणून जिवंत खेचर, आणि त्या खेचराला स्वतःचंच नाव! खेळाडूंनी मिशा ठेवल्या तर ३०० डॉलर बक्षीस. पण खेळाडू ओळखायची नजर पक्की. १९७२, ७३, ७४ अशी लागोपाठ तीन वर्षं वर्ल्ड सिरीज. यांकीज सोडले तर असं कुणाला जमलेलं नाही.

आणि माणूस म्हणून? १९७३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये माइक अँड्र्यूज नावाच्या खेळाडूच्या हातून बाराव्या इनिंगमध्ये दोन चुका झाल्या. सामना गेला. फिनलीने त्याच्याकडून 'मी जखमी आहे' असा कागद सही करून घेतला, त्याला संघातून काढायला. बाकीचे खेळाडू भडकले, कमिशनरने अँड्र्यूजला परत घ्यायला लावलं. मॅनेजर डिक विल्यम्सने वर्ल्ड सिरीज जिंकून दिली आणि राजीनामा दिला. जिंकणारा मॅनेजर सोडून जातोय, यावरून घरातलं वातावरण काय असेल ते समजा.

तेव्हा सहा वर्षांचा नियम नव्हता. खेळाडू जन्मभर संघाचा बांधील. कर्ट फ्लड नावाचा काळा खेळाडू याच्या विरोधात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७२ ला हरला. पण हे कुलूप पहिल्यांदा हललं ते फिनलीच्या कंजूषपणामुळे. कॅटफिश हंटर हा त्याचा सगळ्यात मोठा पिचर. त्याच्या करारातली ५० हजार डॉलरची विम्याची रक्कम फिनलीने भरली नाही. लवादाने १९७४ च्या डिसेंबरात हंटरला मोकळं केलं, आणि यांकीजने त्याला ३० लाख डॉलरच्या वर मोजले. म्हणजे पन्नास हजार वाचवायला गेला आणि हंटर घालवून बसला. पुढच्याच वर्षी त्याच लवादाने आणखी दोघांच्या प्रकरणात निकाल दिला आणि जन्माची बांधिलकी संपली.

मग फिनलीने ठरवलं, फुकट जाण्यापेक्षा विकून टाकू. जून १९७६ ला त्याने रुडी आणि फिंगर्स बॉस्टनला प्रत्येकी १० लाखांना, आणि व्हायडा ब्लू यांकीजला १५ लाखांना विकला. कमिशनर बाऊई कून याने तीन दिवसांत तिन्ही सौदे रद्द केले. कारण काय, तर हे 'खेळाच्या हिताचं' नाही. फिनली कोर्टात गेला, तिथेही हरला. हे वाक्य लक्षात ठेवा. १९७६ साली लीगला वाटत होतं की मालकाने संघ असा मोडून विकणं खेळाच्या हिताचं नाही.

सौदे फसले तरी संघ मोडायचा तो मोडलाच. १९७९ ला १०८ पराभव. त्या एप्रिलमधल्या एका सामन्याला अधिकृत प्रेक्षकसंख्या होती ६५३. आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला जास्त माणसं असतात.

आता इथून गोष्ट खरी सुरू होते. १९८० ला फिनलीने संघ १ कोटी २७ लाख डॉलरला विकला. घेतला वॉल्टर हास याने. लिव्हाईस जीन्स माहितेय ना, ती कंपनी याच्या घराण्याची. हास म्हणायचा की संघ ही गावाची ठेव आहे, आणि वागलाही तसाच. पैसा घातला, ऑकलंडमध्येच वाढलेल्या रिकी हेंडरसनसारख्या खेळाडूचं कौतुक झालं. १९८२ च्या एका हंगामात रिकीने १३० बेस चोरले, तो विक्रम आजही उभा आहे. १९८९ ला संघ वर्ल्ड सिरीज जिंकला, समोर खाडीपलीकडचाच सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. त्याच मालिकेत तिसऱ्या सामन्याच्या आधी मोठा भूकंप झाला होता. १९९० ला हंगामभरात २९ लाख लोक मैदानात आले. २९ लाख! तेच गाव, तेच मैदान, जिथे अकरा वर्षांपूर्वी ६५३ आले होते. 'ऑकलंडला बेसबॉलची आवडच नाही' असं पुढे ज्यांनी सांगितलं, त्यांनी हा आकडा कधी सांगितला नाही.

हासच्या हातून एक गोष्ट अशी झाली की तिची किंमत संघ पुढे ३० वर्षं मोजत राहिला. जायंट्सना सॅन होजेला जायचं होतं. हासने शेजारधर्म म्हणून त्या भागावरचा हक्क त्यांना देऊन टाकला, एक डॉलर न घेता. सॅन होजेकरांनी मतदानात मैदानाला नकार दिला, जायंट्स गेलेच नाहीत. पण हक्क मात्र त्यांच्याकडे राहिला. नंतर अॅथलेटिक्सला सॅन होजेला जायचं होतं तेव्हा जायंट्सनी सपशेल नाही म्हटलं. प्रकरण कोर्टात गेलं, २०१५ ला सुप्रीम कोर्टानेही ते ऐकायला नकार दिला. बांधावरचं दिलेलं हातभर रान परत मागायला गेल्यावर काय होतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

१९९५ ला हास गेला. नव्या मालकांनी सांगितलं, खर्च कमी करा. बिली बीनचं 'मनीबॉल' या हुकमातून जन्मलं. २००१ नंतर जिआम्बी, डेमन, इझ्रिंगहाउझन हे तिघे एकाच हिवाळ्यात गेले. बीनने कोपर निकामी झालेल्या हॅटेबर्ग नावाच्या कॅचरला पहिल्या बेसवर उभं केलं. फटके भारी नसले तरी हा गडी बाद न होता बेसवर पोचतो, एवढाच हिशेब. २००२ ला ४ कोटी डॉलरच्या पगारात १०३ विजय, जेव्हा यांकीजचा पगार साडेबारा कोटींच्या घरात होता. विसाव्या सलग विजयाच्या सामन्यात ११-० ची आघाडी ११-११ झाली आणि शेवटी हॅटेबर्गनेच होमरन मारला. ते सिनेमात आहे आणि खरंही आहे.

सिनेमात जे नाही ते सांगतो. त्या संघात हडसन, मल्डर आणि झिटो असे तीन पिचर होते. झिटोला त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. मिगेल तेहादा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे सगळे सहा वर्षांच्या नियमातले, स्वस्तातले. आकड्यांची जादू होतीच, पण त्यांच्या खाली हा पाया होता. आणि पाया महाग झाला तसा तो गेला. २००३ नंतर तेहादा, २००४ ला हडसन आणि मल्डर, २००६ नंतर झिटो. २००० ते २००३ सलग चार वर्षं संघ पहिल्याच फेरीत पाचव्या सामन्यात हरला. मोक्याच्या वेळी एक तयार खेळाडू विकत घ्यायला मालकाने हात सैल सोडला असता तर? चाहता आहे, विचारणारच.

माझं मत स्पष्ट सांगतो. बीनची काटकसर ही कसब होती. पण तिचं एवढं कौतुक झालं की मालकांना आयता बहाणा मिळाला. पुस्तक निघालं, सिनेमा निघाला, आणि पैसा न काढणं म्हणजेच हुशारी असं होऊन बसलं.

२००५ ला संघ १८ कोटी डॉलरला घेतला गेला. त्यात मोठा वाटा जॉन फिशरचा, २०१६ नंतर कारभार पूर्ण त्याच्या हातात. फिशर म्हणजे 'गॅप' कपड्यांच्या दुकानांचा वारस. गंमत बघा, गॅपचं पहिलं दुकान १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोत निघालं तेव्हा तिथे लिव्हाईसच्याच जीन्स विकायचे. त्याच गावातला जीन्सचा पैसा. एकाने संघ उभा केला, दुसऱ्याने काय केलं ते आता बघू.

२०१४ ला बीनने जॉश डोनाल्डसन टोरोंटोला दिला. चार वर्षांचा ताबा शिल्लक असताना. पुढच्याच वर्षी डोनाल्डसन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बदल्यात आलेल्या चौघांपैकी एकही त्याच्या जवळपास गेला नाही. हा ट्रेड मला आजही कळलेला नाही, आणि याचं खापर मी फिशरवर फोडत नाही. हा बीनचाच.

तरी संघ पुन्हा उभा राहिला. २०१८ आणि २०१९, दोन्ही वर्षं ९७ विजय. मॅट चॅपमन, मॅट ओल्सन, मार्कस सिमियन. त्यातला सिमियन तर तिथलाच, बे एरियातला पोरगा. २०१९ ला सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तिसरा. २०२० नंतर तो मोकळा झाला तेव्हा संघाने त्याला सव्वा कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यातलाही एक कोटी पुढच्या दहा वर्षांत हप्त्याने! टोरोंटोने एका वर्षाचे १ कोटी ८० लाख दिले. त्याने तिथे ४५ होमरन मारले. मग टेक्सास रेंजर्सने साडेसतरा कोटींचा करार केला आणि २०२३ ला तो त्यांच्याबरोबर वर्ल्ड सिरीज जिंकला.

२०२१ च्या शेवटी मॅनेजर बॉब मेल्विनला करार शिल्लक असताना सॅन दिएगोला जाऊ दिलं, बदल्यात काहीही न घेता. मग २०२२ चा हंगाम सुरू व्हायच्या आत बॅसिट, ओल्सन, चॅपमन, मनाया. ऑगस्टमध्ये मोंटास. डिसेंबरात कॅचर शॉन मर्फी. मर्फीच्या ट्रेडमध्ये तीन संघ होते. त्यात विल्यम कॉन्ट्रेरास नावाचा तरणाबांड कॅचर होता, तो मिलवॉकीला गेला आणि लीगमधल्या सर्वोत्तम कॅचरांपैकी एक झाला. तुमचा कॅचर तुम्ही देताय, आणि समोरचा चांगला कॅचर तिसराच घेऊन जातोय! आठवडी बाजारात बैल विकणारा माणूससुद्धा असा सौदा करत नाही.

आणि त्याच काळात सीझन तिकिटांचे दर वाढवले. मैदानाची अवस्था तर विचारूच नका. कोलिसियम १९६६ चं. १९९५ ला फुटबॉलच्या रेडर्स संघाला परत आणायला गावाने आणि काउंटीने कर्ज काढून एक प्रचंड स्टँड बांधला. त्याने मागच्या डोंगरांचं दृश्य झाकलं, आणि रेडर्स २०२० ला लास व्हेगासला निघून गेले तरी कर्जाचे हप्ते चालूच होते. २०१३ ला ड्रेनेज तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत घाण पाणी शिरलं. २०२३ ला समालोचकांच्या खोलीत ओपॉसम, म्हणजे मोठ्या घुशीसारखा प्राणी, मुक्कामाला आला.

आपल्याकडे एसटीची फेरी बंद कशी करतात आठवा. आधी गाडी वेळेवर सोडायची नाही. मग खिळखिळी गाडी द्यायची. लोक वडापकडे वळले की कागद तयार, 'प्रवासी प्रतिसाद नाही'. सहकारी कारखान्यांचंही वेगळं नाही. आधी आजारी पाडायचा, मग आजारी आहे म्हणून मातीमोलाने काढायचा. ऑकलंडमध्ये तेच झालं. २०१९ ला १६ लाखांवर लोक आले होते, २०२२ ला आठ लाखही आले नाहीत. विजय ६०, पराभव १०२. २०२३ ला पराभव ११२. लगेच सांगायला मोकळे, 'बघा, गावाला संघ नकोय'.

गावाने काहीच केलं नाही असंही नाही. बंदरावरच्या हॉवर्ड टर्मिनलवर नवं मैदान, घरं, दुकानं असा १२ अब्ज डॉलरचा प्रकल्प वर्षानुवर्षं चर्चेत होता. ऑकलंडच्या नगरपरिषदेने २०२१ ला अटींवर मतदानही केलं. पण रेडर्सच्या कर्जाने पोळलेलं गाव, ते हात राखून होतं. मला त्यात गैर वाटत नाही. खासगी मालकाच्या मैदानासाठी शाळा-रस्त्यांचा पैसा घालायचा नाही असं एखाद्या नगरपरिषदेने ठरवलं, तर पत्रकार म्हणून मी तिच्या बाजूने आहे. चाहता म्हणून जीव तुटतो, ती गोष्ट वेगळी.

एप्रिल २०२३ ला संघाने लास व्हेगासमध्ये जागा बघितल्याचं जाहीर केलं. १३ जूनला ऑकलंडच्या चाहत्यांनी 'उलटा बहिष्कार' घातला. म्हणजे न येण्याऐवजी सगळ्यांनी यायचं, दाखवून द्यायचं की माणसं आहेत. २७,७५९ लोक आले. अंगात हिरवे शर्ट, त्यावर एकच शब्द, 'विका'. पाचव्या इनिंगला सगळं मैदान आधी चिडीचूप बसलं, आणि मग एकदम घोषणा, 'संघ विका, संघ विका'. संघ जिंकलाही, २-१, सलग सातवा विजय. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला. दोन दिवसांनी कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी टोमणा मारला की एका रात्रीपुरती का होईना, सरासरीएवढी गर्दी दिसली हे छान झालं.

नोव्हेंबरात ३० मालकांनी स्थलांतराला एकमताने मंजुरी दिली. एकही विरोधी मत नाही. स्थलांतराचं शुल्कही माफ. १९७६ ला तीन खेळाडू विकायला निघालेला मालक लीगने अडवला होता. २०२३ ला आख्खा संघ उचलून नेणाऱ्याला कुणी अडवलं नाही.

शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४. तिकडे दुपार, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. ४६,८८९ लोक. पहिला चेंडू टाकायला रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट, राष्ट्रगीत म्हणायला झिटो. समोर रेंजर्स, सिमियन ज्या संघात गेला तोच. ऑकलंड ३-२ ने जिंकलं. लोक मैदानाची माती डब्यांत भरून घेऊन गेले. रिकी पुढे तीन महिनेही जगला नाही, त्याच डिसेंबरात गेला.

आता संघ सॅक्रामेंटोजवळ छोट्या लीगच्या मैदानात खेळतो. जेमतेम १४ हजारांची सोय. लास व्हेगासचं मैदान २०२८ ला उघडायचं ठरलंय. आणि चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. ऑकलंड सोडल्याबरोबर पैसा निघाला! पिचर सेवेरिनोला तीन वर्षांचे ६ कोटी ७० लाख, संघाच्या इतिहासातला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा करार. रूकरला ६ कोटी, बटलरला साडेसहा कोटी. जाणकार सांगतात की श्रीमंत संघांकडून मिळणारा महसुलाचा वाटा पगारावर खर्च केला नाही तर खेळाडूंची युनियन तक्रार करणार होती, म्हणून हे झालं. असेल. पण मग तो वाटा आधीही मिळत होताच की.

नवी पोरं मात्र जबरदस्त आहेत. जेकब विल्सनने पहिल्या पूर्ण हंगामात .३११ ची सरासरी राखली. निक कर्ट्झने जुलै २०२५ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध एका सामन्यात चार होमरन मारले, सहापैकी सहा वेळा हिट, आणि वर्षाचा सर्वोत्तम नवोदित तोच. ते चार होमरन मी बघितले. उड्या मारल्या. आणि त्याच वेळी डोक्यात हिशेब चालू झाला, याची सहा वर्षं कधी भरतात, आणि हे त्याला नेमके कितव्या वर्षी विकतील.